मुंबईच्या गॅलरीत फ्यूशिया: कोणती जात घ्यावी?

सोनटक्का | ३० ऑगस्ट, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहते. पूर्वेकडे गॅलरी आहे, नऊ फूट बाय चार. सकाळी साडेसात ते दहापर्यंत ऊन, मग समोरच्या बिल्डिंगची सावली. तगर, गवती चहा, कढीपत्ता, दोन जास्वंदी छान चालल्या आहेत. आता फ्यूशिया लावायचा आहे.

कारण सांगते. माझी आत्या बरीच वर्षं कुन्नूरजवळ वेलिंग्टनला होती, काका फौजेत होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे जायचो. तिच्या दाराशी फ्यूशियाचं झुडूप होतं, फुलं बाहेरून लाल, आतून जांभळी. त्याची फुगलेली कळी दोन बोटांत दाबली की टप् असा बारीक आवाज येतो. आम्ही सकाळी उठून सगळ्या कळ्या फोडायचो आणि आत्याची बोलणी खायचो. आता ती ७९ वर्षांची आहे, गेल्या वर्षापासून आमच्याकडेच असते. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. तिच्यासमोर ते फूल लोंबताना दिसावं असं फार वाटतं.

याआधी दोनदा हात पोळले आहेत. एकदा डिसेंबरात दुहेरी पाकळ्यांचं, पांढरं-जांभळं झाड आणलं. फेब्रुवारीपर्यंत फुललं, एप्रिलमध्ये काड्या उरल्या. दुसऱ्यांदा जूनमध्ये आणलं, ते पंधरा दिवसांत गेलं. रोज पाणी घालत होते, तरी माना टाकल्या.

नेटवर वाचून चार नावं काढली आहेत: स्विंगटाइम, विन्स्टन चर्चिल, डॉलर प्रिन्सेस आणि गार्टनमाइस्टर बॉनस्टेट. यातलं कोणतं घेऊ? की पाचवंच काही?

नवी_पालवी | ३० ऑगस्ट, दुपारी १.४२

मलाही हेच विचारायचं होतं. वाचतेय.

कुंडीतला_आंबा | ३० ऑगस्ट, रात्री ९.०५

सोनटक्काताई, पार्ल्यात गच्चीवर मी नऊ वर्षं या झाडाच्या मागे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जात निवडताना आपण फुलाचा फोटो बघतो. मुंबईत आधी रात्रीचं तापमान बघावं लागतं. दुपारी ३२ अंश झाले तरी सावलीत फ्यूशिया सोसतो, पण रात्री हवा उतरली पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पहाटेचं तापमान २७ च्या आसपास असतं, पावसाळ्यात २५ आणि वर दमट हवा. अशा रात्री ओळीने आल्या की हे झाड आधी कळ्या गाळतं, मग खालची पानं पिवळी करतं, आणि शेवटी फांद्या टोकाकडून सुकत येतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आपल्याकडे रात्री गार असतात. फ्यूशियाचे मुंबईतले दिवस तेवढेच.

तुमच्या यादीतलं स्विंगटाइम हे लाल-पांढरं, भरगच्च दुहेरी फुलाचं झाड, टोपलीतून लोंबायला सुरेख. चर्चिल दुहेरी, गुलाबी आणि निळसर जांभळं. डॉलर प्रिन्सेसही दुहेरी, फूल लहान, बाहेरून लाल आणि आत जांभळं. ही तिन्ही गारव्याची झाडं. दुहेरी फुलं जड असतात, त्यांच्या पाकळ्यांत पाणी साठून कुजतं. आपल्याकडे तीन महिन्यांचा मोसम घेऊन ती जाणार, हे मनाशी धरूनच आणा.

गार्टनमाइस्टरची गोष्ट वेगळी आहे. तो ट्रायफिला गटातला. या गटाचं मूळ झाड हिस्पॅनिओला बेटावरचं, म्हणजे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक आहे तिथलं. जर्मनीत १९०५ साली बॉनस्टेट नावाच्या माणसाने या गटाच्या काही जाती तयार केल्या. थॅलिया, कोराले आणि गार्टनमाइस्टर तिन्ही त्याच्याच. पान मखमली, वरून गडद हिरवं, खालून जांभळट. फूल लांब नळीसारखं, शेंदरी-लाल, फांदीच्या टोकाला झुपक्याने येतं. उष्णता सोसण्यात हा गट बाकीच्यांच्या पुढे आहे. थंडीत मात्र आधी मरतो, पण बर्फाची काळजी मुंबईत कोणाला?

माझा थॅलिया दोन उन्हाळे टिकला, तिसऱ्या मे महिन्यात गेला. मुंबईत यापेक्षा जास्त टिकलेलं झाड मी पाहिलेलं नाही. तेव्हा माझं मत गार्टनमाइस्टर, नाहीतर थॅलिया.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर वाईट वाटायला नको. ट्रायफिलाची कळी बारीक, लांबट असते. ती फुगत नाही, त्यामुळे ती टप् वाजणार नाही.

सोनटक्का | ३१ ऑगस्ट, सकाळी ८.३०

काका, शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ गप्प बसले. पण आधी सांगितलंत हे बरं केलंत.

जूनमधल्या झाडाचं मात्र अजून कळलं नाही. माती ओली होती, मग माना का टाकल्या?

बी_रुजले | ३१ ऑगस्ट, सकाळी १०.१५

दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलो, आता बदलापूरला रोपवाटिका आहे. याचं उत्तर देतो, कारण या एका चुकीने सगळ्यात जास्त फ्यूशिया मरतात.

उकाड्यात पानांतून पाणी भराभर उडतं. मुळं तेवढ्या वेगाने पाणी चढवू शकत नाहीत, मग माती ओली असूनही झाड माना टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण अजून पाणी घालतो. मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं मिळतं. मुळं कुजली की पाणी अजूनच चढत नाही, माना अजून खाली, आणि आपण अजून एक तांब्या ओततो. मेलेलं झाड कुंडीतून काढून बघा. मुळं तपकिरी असतील, चिमटीत धरून ओढलं की साल निघून हातात येईल आणि आत दोरा राहील.

माना टाकल्या तर पहिल्या पेरापर्यंत बोट मातीत घाला. ओल लागली तर पाणी घालायचं नाही. कुंडी सावलीत न्यायची, पानांवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि संध्याकाळपर्यंत वाट बघायची. संध्याकाळी मान वर आली तर मुळं शाबूत आहेत.

रात्रीच्या उष्णतेचं काकांनी बरोबर लिहिलंय. दिवसभरात पानांनी बनवलेली साखर झाड रात्री श्वसनात खर्च करतं. रात्र जितकी गरम तितका खर्च मोठा. गारव्यातल्या झाडाची कमाई आपल्या रात्री खाऊन टाकतात, कळ्यांना काही उरत नाही.

राणीरंग | ३१ ऑगस्ट, दुपारी ४.२०

झाडांतलं मला फार कळत नाही, साड्यांचं कळतं. दादरला दुकानात ज्याला आपण राणी कलर म्हणतो त्याला हल्ली तरुण मुली फ्यूशिया म्हणतात. तो रंग या फुलावरूनच ना?

कुंडीतला_आंबा | ३१ ऑगस्ट, रात्री ९.४०

हो, या फुलावरूनच. १८५९ साली फ्रान्समध्ये एक कृत्रिम रंग निघाला, त्याला या फुलावरून फुक्सीन म्हणाले. त्याच वर्षी इटलीत मॅजेंटा गावी लढाई झाली आणि पुढे तोच रंग मॅजेंटा म्हणून बाजारात चालला.

फुलाचं नावही एका माणसावरून आलंय. लेओनहार्ट फुक्स हे सोळाव्या शतकातले जर्मन वैद्य, वनस्पतींचे जाणकार. शार्ल प्लुमिये या फ्रेंच धर्मगुरूला कॅरिबियन बेटांवर हे झाड सापडलं, आणि १७०३ साली त्याने फुक्स यांचं नाव त्याला दिलं. तोवर फुक्स यांना जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती. त्यांनी हे फूल कधी पाहिलंच नाही. मला याचं नेहमी वाईट वाटतं.

पानगळ | १ सप्टेंबर, पहाटे ३.१०

मी आयर्लंडला कॉर्क भागात राहते. इथे रस्त्याच्या दोन्ही कडांना फ्यूशियाची कुंपणं आहेत, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. जुलै-ऑगस्टमध्ये गाडीच्या काचेला फुलं घासतात. आयरिश भाषेत याला ‘देओरा दे’ म्हणतात, म्हणजे देवाचे अश्रू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्राजक्ताची आठवण आली, उगाचच.

हे झाड मुळात इथलं नाही. चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडची मॅजेलानिका ही जात लोकांनी आणून लावली आणि ती इथल्या ओल्या, गार हवेत रुजली. सोनटक्का, तुम्हाला एकच सांगायचंय. नेटवर फ्यूशियाच्या नावापुढे ‘हार्डी’ लिहिलेलं दिसेल. तो काटकपणा बर्फाला तोंड देण्याचा असतो. मुंबईच्या मे महिन्याशी त्याचा काही संबंध नाही. हार्डी बघून घेतलंत तर आपल्या हवेसाठी सगळ्यात चुकीचं झाड हातात येईल.

नवी_पालवी | १ सप्टेंबर, सकाळी ९.५५

मी एका ऑनलाइन दुकानातून निळ्या फ्यूशियाच्या बिया मागवल्या होत्या. ५० बियांचं पाकीट होतं. एकही उगवली नाही. माझं काही चुकलं का?

बी_रुजले | १ सप्टेंबर, सकाळी ११.३०

तुमचं काही चुकलं नाही. फ्यूशियात आकाशासारखा निळा रंग नाहीच, जांभळ्याकडे झुकणाराच निळा मिळतो. दुसरं, नाव दिलेल्या जाती बियांपासून तशाच्या तशा येत नाहीत. गार्टनमाइस्टर हवा असेल तर गार्टनमाइस्टरच्या फांदीचाच तुकडा लावावा लागतो. जातीचं नाव लिहून कोणी बिया विकत असेल तर घेऊ नका.

नर्सरीत घेतानाही झाड ओळखून घ्या. अब्युटिलॉन फ्यूशिया म्हणून विकलेला मी पाहिलाय. तोही लोंबतो, लांबून फसायला होतं. फूल हातात धरून बघा. फ्यूशियाला बाहेर चार रंगीत पाकळ्या वर वळलेल्या आणि आत चार (दुहेरीत जास्त) पाकळ्यांचा घोळ, त्यातून आठ पुंकेसर सुटे खाली लोंबतात. फुलाच्या देठाशी, नळीच्या मागे, एक छोटा हिरवा मणी असतो, त्याचंच पुढे फळ होतं. पानं समोरासमोर जोडीने येतात, ट्रायफिलात बऱ्याचदा तीन-तीन. अब्युटिलॉन जास्वंदीच्या कुळातला. त्याला पाच पाकळ्या, मधोमध जास्वंदीसारखा दांडा आणि पानं एकाआड एक.

भरली_कुंडी | १ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१५

मी वेगळं मत मांडते, राग मानू नये. जे झाड इथे सुखाने जगू शकत नाही त्याला आणायचं, चार महिने कौतुक करायचं आणि मग डोळ्यांसमोर मरताना बघायचं, हे मला पटत नाही. लोंबणारी फुलं हवी असतील तर झुंबर जास्वंद लावा. कातरलेल्या, मागे वळलेल्या लाल पाकळ्या आणि लांब देठावर झुलणारं फूल. पूर्व आफ्रिकेतलं झाड, आपल्या दमट हवेत बाराही महिने खूश. ब्लीडिंग हार्टची वेलही आहे, पांढऱ्या पिशवीतून लाल जीभ काढल्यासारखं फूल. मुंबईच्या पावसात तर ती नुसती सुटते. माझ्या बोरिवलीच्या खिडकीत दोन्ही आहेत आणि शिंजीर दिवसातून चारदा येतो.

सोनटक्का | १ सप्टेंबर, रात्री १०.२०

ताई, राग कसला. पटतंय तुमचं. झुंबर जास्वंद मी लावणारच आहे. पण आत्याला ते फूल ओळखीचं नाही. संध्याकाळी तिला विचारलं, तुझ्या दाराशी होतं ते झाड आठवतं का? तिने नाव नाही घेतलं, पण हाताने दाखवलं कसं लोंबायचं ते. बोटं खाली करून, सैल सोडून. त्यामुळे मला फ्यूशियाच हवाय, आणि तो उन्हाळ्यात जगवायचा प्रयत्नही करायचाय.

धुक्यातली_वाट | २ सप्टेंबर, सकाळी ७.४५

कुन्नूरहून लिहितेय. लग्नानंतर इथे आले, माहेर सातारा. वेलिंग्टनचं नाव वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे मे महिन्यातही रात्री अंगावर पांघरूण लागतं, त्यामुळे इथली झाडं बघून मुंबईसाठी निवड करू नका. पाहुणे येतात, फुललेल्या कुंड्या उचलून विमानाने नेतात आणि महिन्याभराने मला मेलेल्या झाडाचा फोटो पाठवतात. फुललेलं, मोठं झाड हवाबदल सोसत नाही. मुळं फुटलेली लहान फांदी सोसते.

माझ्याकडे गार्टनमाइस्टर आहे, जिन्याखाली कंबरेएवढा झालाय. आत्ता छाट लावते. फुलं नसलेल्या कोवळ्या शेंड्याचा बोटभर तुकडा, पेराच्या खाली कापलेला, खालची पानं काढलेली. कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी निम्मी. इथे तीन आठवड्यांत मुळं धरतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईत गारवा उतरायला लागला की कुरिअर करते. पत्ता इथे लिहू नका, निरोपातून कळवा. आत्याबाईंना नमस्कार सांगा. इथल्या घरांच्या दाराशी अजूनही ते लाल-जांभळं झुडूप आहे.

फळंही खाता येतात, हे कोणी लिहिलं नाही. पिकून काळपट जांभळी झाली की आंबटगोड लागतात, किंचित मिरमिरीत. पण फुलं हवी असतील तर फळ धरू देऊ नका. फूल गळलं की मागचा मणीही खुडायचा.

सोनटक्का | २ सप्टेंबर, सकाळी ८.०५

काय बोलू? निरोप पाठवलाय. आत्याला वाचून दाखवलं. ती विचारतेय, तुमच्याकडे बटाटे निघाले का.

धुक्यातली_वाट | २ सप्टेंबर, सकाळी ८.३१

निघताहेत, सांगा.

कुंडीतला_आंबा | २ सप्टेंबर, रात्री ९.१५

छाट येणार म्हणजे निम्मं काम झालं. आता वेळेचं गणित नीट करा, मुंबईत सगळं त्यावर आहे.

शेंडा खुडल्यापासून फुल यायला एकेरी जातींना साधारण दोन महिने लागतात, दुहेरींना त्याहून थोडे जास्त, ट्रायफिलाला तीन महिने. आपल्याला गार रात्री जेमतेम साडेतीन महिने मिळतात. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदाच शेंडा खुडा. दाट झाड व्हावं म्हणून डिसेंबरात पुन्हा खुडलंत तर कळ्या मार्चच्या उन्हात सापडतील.

कुंडी मातीचीच घ्या, सहा इंची. ती दहा इंची कुंडीत ठेवा आणि मधल्या जागेत वाळू भरा. वाळू ओली ठेवायची, आतली माती बेताची. बाहेरच्या कुंडीतून पाणी उडत राहतं आणि मुळं गार राहतात. माझा थॅलिया दोन उन्हाळे जगला तो या एका युक्तीवर. काळी प्लॅस्टिकची कुंडी अजिबात नको. मिश्रणात लाल माती कमी, कोकोपीट आणि गांडूळखत जास्त, मूठभर निंबोळी पेंड. कळ्या दिसेपर्यंत दहा दिवसांनी पातळ खत. पांढरी माशी पानाखाली बसते, दर रविवारी पानं उलटी करून बघा.

जानेवारीअखेर त्याच झाडाच्या दोन-तीन छाट लावून ठेवा. उन्हाळ्यात मोठं झाड गेलं तरी लहान रोपं तगायची शक्यता जास्त, त्यांना सांभाळायला पानं कमी असतात.

आणि कळीच्या आवाजाचं. डिसेंबरात एखादी डॉलर प्रिन्सेस मिळाली तर तीही आणा. शेवंती आणतो तशी, मोसमापुरती. तिच्या कळ्या फुगतात.

सोनटक्का | ७ नोव्हेंबर, दुपारी २.००

कुन्नूरचं पार्सल आलं. ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या तीन छाट, एक वाटेत मोडली. दोन लावल्या. आत्याने पान उलटं करून बघितलं, खालून जांभळं आहे म्हणाली. शेंडे आज खुडले.

नवी_पालवी | ७ नोव्हेंबर, दुपारी २.२०

फोटो टाका ना!

सोनटक्का | २८ डिसेंबर, रात्री ८.४०

नर्सरीत नावाची पाटी नसलेलं एक लाल-जांभळं, दुहेरी फुलाचं झाड मिळालं. मणी बघितला, पुंकेसर मोजले, आठ. घेतलं. टोपली आत्याच्या खुर्चीच्या उंचीवर टांगली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते, गॅलरीतून आवाज आला. टप्. मग थोड्या वेळाने अजून एक. मी बाहेर गेले नाही.

धुक्यातली_वाट | २९ डिसेंबर, सकाळी ७.१०

वाचून डोळे भरून आले.

सोनटक्का | ६ फेब्रुवारी, सकाळी ९.००

गार्टनमाइस्टरला पहिला झुपका आलाय, सात फुलं. दुसरी छाट मागे आहे, तिला अजून कळ्या नाहीत. काकांनी सांगितल्याप्रमाणे तीन नव्या छाट लावल्या.

सोनटक्का | १९ एप्रिल, सकाळी ७.३०

टोपलीतलं झाड मार्चअखेर संपलं. गार्टनमाइस्टरने खालची पानं टाकली आहेत, वरची मात्र ताठ आहेत. दोन्ही कुंड्या गॅलरीतून काढून उत्तरेच्या खिडकीत आणल्या. लहान छाटांपैकी दोन जगल्या, त्या न्हाणीघराच्या खिडकीत आहेत. काल मोठ्या झाडावर नव्या कळ्या दिसल्या. ठेवू की खुडू?

कुंडीतला_आंबा | १९ एप्रिल, सकाळी ८.१०

खुडा. या दिवसांत झाडाला फुलांचा खर्च परवडत नाही. पावसाळा संपेपर्यंत कळी दिसली की काढायची, खत पूर्ण बंद आणि वाळू ओली. ऑक्टोबरात कुंडी बदलू, तेव्हा इथेच लिहा.